पोटॅशियम आयोडेट

पोटॅशियम, आयोडीन व ऑक्सिजन यांचे असेंद्रिय लवण. पांढरे, गंधहीन, स्फटिकी चूर्ण. रेणुभार २१४; वजनात सुमारे ५९ टक्के आयोडीन. मिठात आयोडीन घालायचे ते भारतात याच रूपात.

पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या तापलेल्या, संहत विद्रावात आयोडीन टाकले की त्याचा तपकिरी रंग विरत जातो आणि आयोडेट व आयोडाइड (पोटॅशियम व आयोडीन यांचेच, पण ऑक्सिजन नसलेले लवण) ही दोन्ही लवणे एकदमच बनतात. प्रमाण मात्र जाच आणणारे: आयोडेटच्या एका रेणूमागे आयोडाइडचे पाच. वेगळे करणे त्या मानाने सोपे. आयोडाइड थंड पाण्यातही भरपूर विरघळते. आयोडेट १०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात सुमारे ३२ ग्रॅम, तर शून्य अंशाला ५ ग्रॅमही विरघळत नाही. त्यामुळे विद्राव निवला की तळाशी पांढरी कणी बसते. पोटॅशियम क्लोरेट व आयोडीन यांच्या विक्रियेनेही ते मिळते. सुमारे ५६० अंश सेल्सिअसला ते ऑक्सिजन सोडते व आयोडाइड मागे उरते. ऑक्सिडीकारक, म्हणजे दुसऱ्या पदार्थाला ऑक्सिजन देणारे, असल्याने कोळसा, गंधक यांच्याजवळ ठेवू नये.

समुद्राचे मीठ म्हणजे आयोडीन आलेच, हा किनाऱ्यावरचा समज चुकीचा आहे. लिटरभर समुद्रपाण्यात आयोडीन जेमतेम ६० मायक्रोग्रॅम, आणि पेण-उरणच्या मिठागरात मीठ धरताना त्यातलेही बहुतेक उरलेल्या कडू पाण्यात राहते. कायद्याला कारखान्यातून निघणाऱ्या मिठात दर किलोला किमान ३० मिलिग्रॅम आयोडीन लागते. टनाला साधारण ५० ग्रॅम आयोडेट पुरते. त्याचा विद्राव मिठावर फवारतात.

आयोडाइड स्वस्त, तरी ते का नको, हे कोकणातली जूनमधली बरणी सांगेल. झाकण लावलेले असूनही मीठ पाझरते. अशा ओलीत, हवा लागली की आयोडाइडमधले आयोडीन सुटे होऊन उडून जाते. आयोडेट टिकते.

ओळखायची रीत सोपी. मिठावर थोडी निवलेली पेज, पोटॅशियम आयोडाइडचा थेंब व सौम्य आम्ल टाकावे. आयोडेट असेल तर जांभळट निळा डाग उमटतो. मिठागरातून थेट आणलेले जाडे मीठ पांढरेच राहते.