लॅपटॉप उन्हानं दमला, की कुणी कासरा ओढलाय?

"भाऊ, हे लयच मंदावलं. तापून राह्यलं वाटते." यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मार्च लागला की हे वाक्य रोज ऐकतो, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण नेहमी नाही. वखराचा बैल मधेच थांबला, तर ऊन लागून धाप लागली असेल किंवा मागून कुणी कासरा ओढून धरला असेल. बांधावरून दोन्ही सारखंच दिसतं. लॅपटॉपच्या प्रोसेसरचं, म्हणजे त्याच्या मेंदूचंही, तसंच आहे: एक तापून मंदावतो, दुसऱ्याला, वीज अपुरी आहे असं समजून, मंदावायला लावलं जातं. उपाय अगदी वेगळे, आणि चुकीचा केला तर पैसे पाण्यात.

त्याआधी, मंदावलाय म्हणजे कशापेक्षा? आय५-८२५०यू हा २०१७ चा प्रोसेसर माझ्याकडे अजून येतो. त्याचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ आणि कमाल ३.४. दुकानदार ३.४ सांगून विकतो, पण तो वेग थोडा वेळच टिकतो. काही सेकंद पळून तो दोनच्या आसपास स्थिरावला तर बिघाड नाही. रिकामा असताना एकच्या खाली गेला तरी नाही, वीज वाचवतोय. म्हणून आधी एखादी मोठी फाइल झिप करायला लावा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये 'स्पीड' बघा. काम चालू असतानाही आकडा 'बेस स्पीड'च्या बराच खाली असेल, तर पुढचं वाचा. (पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा कुणी कमी करून ठेवली नाही ना, तेही बघून घ्या. कमी असेल तर काम दोन मिनिटांत संपलं.)

तापलेल्याची चाल ओळखीची आहे. सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटं बरा चालतो, मग पंखा बोंबलायला लागतो, आणि आकडा वर-खाली, वर-खाली होत राहतो. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअसची. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, जरा थंडावला की पुन्हा पळतो. आपल्याकडे हे जास्त का होतं, त्याचं गणित सोपं आहे. उष्णता बाहेर पडते ती आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर. २५ अंशांच्या खोलीत फरक ७५ चा, टिनाखालच्या ४५ अंशांच्या खोलीत ५५ चा. म्हणजे तोच पंखा, तीच तांब्याची नळी, पण उष्णता बाहेर टाकायची ताकद पाव हिश्शानं घटली. लॅपटॉप गादीवर ठेवला असेल तर खालची जाळीही बंद.

त्यात आपला कापूस. वेचणीनंतर ज्या घरात गंजी लागते, त्या घरचा लॅपटॉप उघडला की पंखा वरवर स्वच्छ दिसतो. पंखा काढला की मात्र त्याच्या आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या जाळीच्या) पात्यांच्या मधोमध राखाडी थर सापडतो, जुन्या गादीतल्या रुईसारखा दाबून बसलेला. चिमट्यानं धरला की अख्खी पट्टी निघते. बाहेरून ब्लोअर मारला तर ती तिथेच राहते, म्हणून पंखा काढावाच लागतो. आणि ब्लोअर मारताना पात्यात काडी घालून पंखा अडवायचा, नाहीतर भन्नाट फिरून बेअरिंग जातं. चार-पाच वर्षांत थर्मल पेस्टही (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) वाळते, तीही त्याच वेळी बदलून घ्यावी.

या सवयीनंच मी एकदा फसलो. जुलैचे दिवस, पीकविम्याची मुदत जवळ आलेली. शेजारच्या गावात सेवा केंद्र चालवणाऱ्या ताई लॅपटॉप घेऊन आल्या. बाहेर रांग लागलेली आणि एक अर्ज उघडायला पाच मिनिटं. मी न बघताच उघडला, साफ केला, पेस्ट बदलली, पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी ताई परत दारात.

"भाऊ, काल होतं तसंच हाय. चार्जर काढला का पळते, लावला का झोपते."

आजार त्यांनीच ओळखला होता, मी आदल्या दिवशी विचारलंच नव्हतं. टास्क मॅनेजर उघडला तर आकडा ०.३९. हलत नाही, डुलत नाही. पंखा गप्प, बूड थंडगार. जुलैच्या पावसात उन्हाचा आजार शोधत होतो मी!

ही कासऱ्याची खूण: पहिल्या मिनिटापासून मंद आणि एकाच आकड्यावर खिळलेला. प्रोसेसरला 'थांब' सांगणारी एक वायर असते. ती मुळात उष्णतेसाठी, पण मदरबोर्डलाही (सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीलाही) ती ओढता येते. काही कंपन्यांच्या चार्जरच्या पिनेत मधोमध एक बारीक सुई असते, तिच्यातून चार्जर आपली ओळख सांगतो. सुई वाकली किंवा आतली बारीक तार तुटली की वीज येते, ओळख येत नाही. मदरबोर्ड समजतो की चार्जर कमजोर आहे, आणि वेग पार तळाला नेतो. बऱ्याचदा बॅटरीही चार्ज होत नाही. कमी ताकदीचा चार्जर लावला तरी वेग घटू शकतो. मागचं लेबल वाचा: १९.५ व्होल्ट गुणिले ३.३४ अँपिअर म्हणजे ६५ वॅट, गुणिले २.३१ म्हणजे ४५. पिन बसली म्हणजे जोडी जमली असं नाही.

इथे लोक हमखास व्होल्टेजवर खापर फोडतात. मोटारपंप सुरू झाले की दिवे मिणमिणतात हे खरं, पण चांगला चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो. लॅपटॉपसाठी स्टॅबिलायझर घेऊ नका.

शंका असेल तर चार्जर काढा, बंद करून फक्त बॅटरीवर सुरू करा. वेग आला तर चार्जरकडे किंवा सॉकेटकडे बोट. उन्हाळ्यात उलटी परीक्षाही होते: दहा मिनिटं कूलरसमोर धरा. आकडा वर सरकला तर उष्णता, ढिम्म राहिला तर कासरा. कायम मात्र तिथे ठेवू नका, ओल आणि धूळ मिळून पात्यांत चिखल होतो. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर तापमान दाखवतं आणि वेग कशामुळे घटला तेही सांगतं.

थ्रॉटलस्टॉप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'बीडी प्रोचॉट'समोरची खूण काढली की मदरबोर्डचा हा कासरा सुटतो. प्रोसेसरचं स्वतःचं उष्णतेचं संरक्षण तसंच राहतं. अर्ज अडले असतील तर एखादा दिवस करा, पण चार्जर खरोखरच छोटा असेल तर तोच तापेल.

ताईंना मी पेस्टचे पैसे परत केले आणि बरोबर वॅटचा चार्जर दिला. जुन्याची वायर रोज अडॅप्टरभोवती घट्ट गुंडाळून पिनेजवळ मोडली होती. तो चार्जर माझ्या खणात आहे. नवा पोरगा शिकायला आला की तोच लावून देतो, आणि स्क्रू-ड्रायव्हर दडवून ठेवतो.