दिंडोरी लोकसभा मतदारसंघ

दिंडोरी हा नाशिक जिल्ह्यातील अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेला, मुख्यतः ग्रामीण लोकसभा मतदारसंघ. २००८ च्या पुनर्रचनेत मालेगाव लोकसभा मतदारसंघ रद्द झाला. मालेगाव व बागलाण धुळ्याला जोडले गेले आणि दिंडोरी नव्याने अस्तित्वात आला. त्यात नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड व दिंडोरी हे विधानसभा मतदारसंघ येतात. त्यांपैकी कळवण आणि दिंडोरी राखीव आहेत. सुरगाणा तालुका कळवणमध्ये, तर पेठ दिंडोरीत मोडतो.

नकाशावर हा एक मतदारसंघ दिसतो, प्रत्यक्षात त्यात दोन वेगळे मुलूख नांदतात. पश्चिमेला सुरगाणा-पेठचा डोंगराळ भाग आहे. तिथे कोकणा, महादेव कोळी, वारली समाज भात, नागली, वरई पिकवतो, पावसाळ्यात धो-धो पाऊस झेलतो आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी वणवण करतो. पूर्वेला निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागा, लासलगाव-पिंपळगाव बसवंतच्या बाजार समित्या आणि त्यापलीकडे येवला-नांदगावचा अवर्षणग्रस्त पट्टा. उमेदवार आदिवासी असणे बंधनकारक असले तरी मतांचे मोठे गठ्ठे बिगरआदिवासी तालुक्यांत आहेत. म्हणून प्रचारात वनपट्ट्यांपेक्षा, म्हणजे वनजमिनींवरील हक्कांपेक्षा, कांद्याची चर्चा जास्त होते. या मतदारसंघाचे राजकारण समजून घ्यायचे तर ही विसंगती आधी लक्षात घ्यावी लागते.

जुन्या मालेगाव मतदारसंघावर काँग्रेसचे झेड. एम. कहांडोळे आणि समाजवादी परंपरेतले हरिभाऊ महाले या दोघांचा दीर्घकाळ ठसा होता. कहांडोळे १९६७ पासून १९९८ पर्यंत पाच वेळा निवडून आले. महाले १९७७ मध्ये जनता पक्षाकडून, १९८९ मध्ये जनता दलाकडून आणि १९९९ मध्ये जनता दल (धर्मनिरपेक्ष) कडून लोकसभेत गेले. राज्यात इतरत्र जनता परिवार विरून गेल्यावरही इथे तो टिकून राहिला. १९९६ मध्ये कचरू राऊत यांच्या रूपाने भाजपला ही जागा प्रथमच मिळाली. २००४ मध्ये हरिश्चंद्र चव्हाण यांनी ती पुन्हा जिंकली.

पक्षांच्या या यादीपेक्षा इथल्या माणसांना घडवले ते चळवळींनी. १९८० मध्ये शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ऊस आणि कांद्याच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात रस्ते व रेल्वे रोखल्या. निफाड तालुक्यातील खेरवाडीला पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. १९८६ मध्ये संघटनेचे महिला अधिवेशन चांदवडला भरले आणि शेतकरी बाई प्रथमच एवढ्या मोठ्या संख्येने स्वतःच्या नावाने मैदानात उतरली. डोंगरपट्ट्यात हेच काम लाल बावट्याने, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने (माकप) केले. सुरगाण्याचे जे. पी. गावित माकपकडून अनेकदा आमदार झाले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या किसान लाँग मार्चमध्ये वनहक्क मागणारे आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते. लोकसभेला गावितांना २००९ आणि २०१९ अशा दोन्ही वेळा लाखाहून अधिक मते पडली, पण पूर्वेकडे त्या मतांना जोड मिळाली नाही.

२००९ मध्ये चव्हाण यांनी राष्ट्रवादीच्या नरहरी झिरवाळ यांचा आणि २०१४ मध्ये त्याच पक्षाच्या डॉ. भारती पवार यांचा पराभव केला. पवार या कळवणचे ज्येष्ठ नेते ए. टी. पवार यांच्या सून. २०१९ मध्ये त्या भाजपमध्ये गेल्या आणि हरिभाऊंचे पुत्र धनराज महाले यांना सुमारे दोन लाख मतांनी हरवून खासदार झाल्या. जुलै २०२१ मध्ये त्या केंद्रात आरोग्य राज्यमंत्री झाल्या.

२०२४ ची निवडणूक मात्र कांद्याची झाली. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली तीही किमान निर्यातमूल्य आणि शुल्काच्या अटींवर, आणि मतदान होते २० मे रोजी. तोवर शेतकऱ्याने लाल कांदा मातीमोल विकलेला होता आणि उन्हाळ कांदा चाळीत पडून होता. पिंपळगावला झालेल्या पंतप्रधानांच्या सभेतही एका तरुणाने ‘कांद्यावर बोला’ असे ओरडून सांगितले. माकपने या वेळी आपला उमेदवार ठेवला नाही. शरद पवार गटाचे भास्कर भगरे, पेशाने शिक्षक, १ लाख १३ हजारांवर मतांनी निवडून आले. भगरेंचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होते. भगरे आडनावाच्याच एका अपक्षाला ‘तुतारी’ चिन्ह मिळाले होते आणि त्याने लाखावर मते घेतली. त्यांतली बरीच मते चुकून तिकडे गेली, असे मानले जाते.

त्या वेळी मतदारसंघातील सहाही आमदार महायुतीचे होते. म्हणजे आमदारांच्या यंत्रणेपुढे शेतकऱ्याचा रोष भारी ठरला. मात्र नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला सुहास कांदे, नितीन पवार, राहुल आहेर, छगन भुजबळ, दिलीप बनकर आणि नरहरी झिरवाळ हे महायुतीचे सहाही उमेदवार पुन्हा निवडून आले.