महाराष्ट्राचा रणजी संघ : नाबाद खेळींची पार्श्वभूमी

आजच्या महाराष्ट्र राज्यातून रणजी करंडक स्पर्धेत तीन संघ उतरतात : मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. तिसऱ्या संघाचे नाव राज्याचे असले तरी त्याचा कारभार पुण्यातून चालतो, मुंबई शहर आणि नागपूरकडचा भाग त्याच्या हद्दीत येत नाही, आणि उरलेल्या प्रदेशातून, म्हणजे कोल्हापूर, सांगली, साताऱ्यापासून नाशिक, सोलापूर, जालन्यापर्यंत, त्याचे खेळाडू येतात. शिवाय हा संघ राज्यापेक्षा वयाने मोठा आहे. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले १ मे १९६० रोजी. ‘महाराष्ट्र’ या नावाचा संघ मात्र रणजी स्पर्धेच्या पहिल्याच हंगामापासून, म्हणजे १९३४-३५ पासून, मैदानात आहे. मुंबई इलाखा एकच असताना क्रिकेटपुरती मुंबई आणि महाराष्ट्र अशी वाटणी तेव्हाच झाली, आणि शेजारच्या बलाढ्य संघाशी होणारी तुलना या संघाच्या वाट्याला जन्मापासून आली. मुंबईने ४२ वेळा रणजी करंडक जिंकला आहे, विदर्भाने २०१७-१८ पासून तीनदा. महाराष्ट्राच्या नावावर दोन विजेतेपदे आहेत आणि ती दोन्ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली आहेत.

ही दोन विजेतेपदे, १९३९-४० आणि १९४०-४१ ची, दिनकर बळवंत देवधर यांच्या नेतृत्वाखाली मिळाली. देवधर पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते आणि रणजी स्पर्धा सुरू झाली तेव्हाच त्यांनी चाळिशी ओलांडलेली होती. ज्या वयात बहुतेक खेळाडू प्रेक्षागृहात जाऊन बसतात, त्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १९४०-४१ च्या हंगामात, त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या. त्या सामन्यात महाराष्ट्राच्या ६७५ धावांना मुंबईने ६५० धावांचे उत्तर दिले आणि निकाल पहिल्या डावातल्या आघाडीवर महाराष्ट्राच्या बाजूने लागला. त्याच हंगामात पुण्यात नॉर्दर्न इंडियाविरुद्ध महाराष्ट्राने ७९८ धावांचा डोंगर उभा केला. पहिल्या वर्षी युनायटेड प्रोव्हिन्सेसला आणि दुसऱ्या वर्षी मद्रासला अंतिम सामन्यात हरवून करंडक पुण्याला आला. देवधरांना पुढे १०१ वर्षांचे आयुष्य लाभले, आणि १९७३-७४ पासून विभागीय संघांच्या एकदिवसीय स्पर्धेला त्यांचे नाव दिले गेले.

देवधरांच्या फलंदाजीची आठवण जितकी काढली जाते तितकी त्यांच्या संघरचनेची काढली जात नाही, हे खटकते. सांगलीत जन्मलेले विजय हजारे याच संघात घडले. १९३९-४० मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी केलेल्या नाबाद ३१६ धावा हे रणजी स्पर्धेतले पहिले त्रिशतक ठरले. त्या डावातला सर्वांत अजब भाग शेवटाकडे आहे : नवव्या गड्यासाठी नगरवाला यांच्या साथीने हजारे यांनी २४५ धावा जोडल्या, आणि त्यात नगरवाला यांचा वाटा ९८ धावांचा होता. पण हजारे महाराष्ट्राचे राहिले नाहीत. १९४१ नंतर ते बडोद्याकडून खेळू लागले आणि त्यांचे पुढचे बहुतेक कर्तृत्व त्या संस्थानाच्या खाती जमा झाले. संस्थानिकांच्या आश्रयाने खेळाडूला नोकरी आणि मान दोन्ही मिळत. पुण्याच्या संघाकडे देण्यासारखे त्या तोडीचे काही नव्हते. घडलेला खेळाडू दुसरीकडे जाणे ही या संघाची पुढची कहाणीही आहे. नाशिकचे बापू नाडकर्णी आधी महाराष्ट्राकडून खेळले आणि मग मुंबईचे झाले. पुण्यात शिकून महाराष्ट्राकडून सलामीला येणारे चेतन चौहान यांनी १९७२-७३ मध्ये विदर्भाविरुद्ध मधू गुप्ते यांच्यासह पहिल्या गड्यासाठी ४०५ धावांची भागीदारी केली, आणि नंतर ते दिल्लीला गेले. सुनील गावसकर यांचा सलामीचा जोडीदार म्हणून क्रिकेटरसिकांना ठाऊक असलेले चौहान हे दिल्लीचे चौहान होत.

हजारे यांच्या नाबाद ३१६ धावांपासून या संघाच्या इतिहासात एक विलक्षण गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : त्याच्या सर्वांत गाजलेल्या खेळी नाबाद आहेत, आणि त्यांतल्या कित्येक अपुऱ्या आहेत.

त्यांतली सर्वांत मोठी खेळी डिसेंबर १९४८ मधली. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर पुण्यात काठियावाडविरुद्ध फलंदाजीला उतरले. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला होता. दुसऱ्या गड्यासाठी निंबाळकर आणि भांडारकर यांनी ४५५ धावा जोडल्या, भांडारकर २०५ धावा करून गेले, आणि निंबाळकर थांबेनात. ४९ चौकार आणि एक षटकार यांसह ते ४४३ धावांवर पोहोचले, तेव्हा धावफलकावर ४ बाद ८२६ धावा होत्या. डॉन ब्रॅडमन यांनी १९३० साली न्यू साउथ वेल्सकडून क्वीन्सलँडविरुद्ध केलेल्या नाबाद ४५२ धावांचा तेव्हाचा विश्वविक्रम ओलांडण्यासाठी केवळ दहा धावा हव्या होत्या. खेळ मध्यंतरासाठी थांबला. काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब होते. आपल्या संघाविरुद्ध असा विक्रम व्हावा, हे त्यांना मान्य नव्हते. महाराष्ट्राने डाव घोषित करावा, अशी त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही तेव्हा त्यांनी सामना सोडून दिला आणि संघ पुन्हा मैदानात आलाच नाही. निंबाळकर पॅड बांधून होते, दोन-तीन षटकांचे काम उरले होते, आणि गोलंदाजी करायला समोर कोणी नव्हते.

रणजी स्पर्धेतली सर्वोच्च खेळी म्हणून नाबाद ४४३ आजही उभी आहे. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये तिच्यापुढे ब्रॅडमन यांच्याखेरीज फक्त हनीफ मोहम्मद यांच्या ४९९ आणि ब्रायन लारा यांच्या नाबाद ५०१ धावा आहेत. निंबाळकरांना मात्र एकही अधिकृत कसोटी सामना खेळायला मिळाला नाही. राष्ट्रकुल संघाविरुद्धच्या एका अनधिकृत कसोटीवर त्यांची बोळवण झाली. पहिल्या चार मोठ्या खेळींच्या यादीत कसोटी न खेळलेले ते एकटेच आहेत. प्रतिस्पर्धी दुबळा होता, हे त्यांच्याविरुद्ध सांगितले जाते; पण त्याच काळातल्या इतर विक्रमांना हा निकष सहसा लावला जात नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे.

त्याच हंगामात, मार्च १९४९ मध्ये, पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात जो उपांत्य सामना झाला, तो धावांच्या हिशेबात जगात एकमेव आहे. मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४, तर महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४ धावा केल्या. एकूण २३७६. सात दिवस चाललेल्या त्या सामन्यात नऊ शतके झाली, उदय मर्चंट, दत्तू फडकर आणि महाराष्ट्राचे मधुसूदन रेगे यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली, आणि शेवटच्या डावात ९५९ धावांचे लक्ष्य असताना सहाशेच्या पुढे जाऊनही महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला. एका प्रथम श्रेणी सामन्यात याहून अधिक धावा आजवर झालेल्या नाहीत. हा सामना फलंदाजीचा उत्सव म्हणून सांगितला जातो; त्यातून पुण्याच्या खेळपट्टीचे आणि महाराष्ट्राच्या गोलंदाजीचे जे चित्र दिसते ते काही उत्सवी नाही. संघ आठशे धावा करू शकत होता, पण वीस गडी बाद करणे त्याला वारंवार जड गेले, आणि करंडक जिंकायला दुसरी गोष्टच लागते. १९४३-४४ मध्ये मुंबईत विजय मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा केल्या, तेव्हा लेगस्पिनर सदू शिंदे ७५ हून अधिक षटके टाकत राहिले आणि १८६ धावांत त्यांनी पाच बळी घेतले. याच शिंदे यांनी १९५१ मध्ये दिल्ली कसोटीत इंग्लंडचे सहा फलंदाज ९१ धावांत बाद केले. १९५५ साली, ऐन उमेदीत, त्यांचे निधन झाले.

गोलंदाज अजिबात निपजले नाहीत असे नाही. वसंत रांजणे यांनी १९५६-५७ मध्ये खडकवासला येथे सौराष्ट्राविरुद्ध पदार्पणातच हॅटट्रिकसह ३५ धावांत नऊ बळी घेतले आणि पुढे सात कसोटी खेळले. सत्तरच्या दशकात पांडुरंग साळगावकर यांचा वेग देशातल्या फलंदाजांना ठाऊक होता, पण भारताची भिस्त चार फिरकी गोलंदाजांवर असण्याच्या त्या जमान्यात त्यांना कसोटीची टोपी मिळाली नाही. त्या पिढीतला संघाचा आधारस्तंभ म्हणजे चंदू बोर्डे. ते उलट वाटेने, बडोद्याकडून, महाराष्ट्रात आले; ५५ कसोटींत त्यांनी ३०६१ धावा केल्या आणि १९६७ च्या अखेरीस ॲडलेड येथे भारताचे नेतृत्वही केले. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्र पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला. मुंबईचे गावसकर, वाडेकर, सरदेसाई वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते आणि सुधीर नाईक यांच्या हाती जो संघ होता तो दुय्यम समजला जात होता. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. तरीही मुंबईने ४८ धावांनी बाजी मारली.

त्यानंतरच्या काळात नावे पुष्कळ आहेत, भारतीय संघातल्या जागा थोड्या. हेमंत कानिटकर यांनी १९७४ मध्ये बंगळूर येथे पदार्पणाच्या कसोटीत वेस्ट इंडीजविरुद्ध ६५ धावा केल्या आणि दोन कसोटींत त्यांची कारकीर्द संपली. त्यांचे चिरंजीव हृषीकेश कानिटकर १९९८ मध्ये ढाक्यात पाकिस्तानच्या सकलैन मुश्ताक यांना मारलेल्या एका चौकारामुळे घराघरात पोहोचले, पण रणजी करंडक त्यांनी राजस्थानचे कर्णधार म्हणून जिंकला. यजुर्वेंद्र सिंग यांनी १९७७ मध्ये बंगळूर कसोटीत सात झेल घेऊन विश्वविक्रमाची बरोबरी केली. सुरेंद्र भावे आणि शंतनू सुगवेकर यांच्याबद्दल मात्र थोडे थांबून सांगायला हवे. भावे यांची प्रथम श्रेणीतली सरासरी पन्नाशीच्या बरीच वर, सुगवेकर यांची साठीच्याही वर. दोघांनाही भारताकडून एकही सामना मिळाला नाही. १९८८-८९ मध्ये पुण्यात मध्य प्रदेशविरुद्ध सुगवेकर २९९ धावांवर खेळत असताना दुसऱ्या टोकाचा शेवटचा साथीदार बाद झाला. निंबाळकरांना दहा धावांनी विश्वविक्रम हुकला होता, सुगवेकरांना एका धावेने त्रिशतक. १९९२-९३ च्या अंतिम सामन्यात लुधियाना येथे पंजाबने महाराष्ट्राला हरवले.

२०१२ मध्ये गहुंजे येथे संघाला स्वतःचे आधुनिक स्टेडियम मिळाले, आणि त्याच वर्षी केदार जाधव यांनी तेथे उत्तर प्रदेशविरुद्ध ३२७ धावा केल्या. पुढच्या, म्हणजे २०१३-१४ च्या हंगामात त्यांनी १२२३ धावा करून देशात पहिला क्रमांक मिळवला. वानखेडेवरच्या उपांत्यपूर्व सामन्यात पहिल्या डावात १२२ धावांनी मागे पडूनही गोलंदाजांनी मुंबईला १२९ धावांत गुंडाळले, आणि २५२ धावांचे लक्ष्य जाधव (नाबाद १२०) आणि जालन्याचा तरुण विजय झोल (नाबाद ९१) यांनी केवळ दोन गडी गमावून पार केले. मुंबईला मुंबईत बाद फेरीत हरवण्याचे समाधान मोठे होते. हैदराबादच्या अंतिम सामन्यात कर्नाटकापुढे मात्र संघाचे काही चालले नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये वानखेडेवरच, दिल्लीविरुद्ध २ बाद ४१ अशा अवस्थेत स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे एकत्र आले आणि ५९४ धावा जोडून नाबाद परतले. हजारे आणि गुल मोहम्मद यांनी बडोद्यासाठी १९४७ मध्ये केलेला ५७७ धावांचा रणजी विक्रम मोडला गेला होता. श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांच्या ६२४ धावांच्या भागीदारीच्या विश्वविक्रमापर्यंत पोहोचायला आणखी तीस धावा पुरे होत्या. या वेळी समोरचा संघ निघून गेला नव्हता. कर्णधार गुगळे यांनी स्वतः ३५१ धावांवर असताना २ बाद ६३५ वर डाव घोषित केला. दिल्लीने ऋषभ पंतच्या त्रिशतकाच्या जोरावर ५९० धावा केल्या आणि सामना अनिर्णित राहिला.

अलीकडच्या काळातला या संघाचा सर्वांत नावाजलेला खेळाडू ऋतुराज गायकवाड याने २०२२ मध्ये अहमदाबाद येथे विजय हजारे करंडक या एकदिवसीय स्पर्धेच्या उपांत्यपूर्व सामन्यात उत्तर प्रदेशविरुद्ध एका षटकात सात षटकार मारले, कारण त्यातला एक चेंडू नोबॉल होता, आणि तो १५९ चेंडूंत २२० धावा करून नाबाद राहिला. उपांत्य सामन्यात त्याने १६८ आणि अंतिम सामन्यात १०८ धावा केल्या. अंतिम सामना मात्र सौराष्ट्राने जिंकला.