पार्श्वभूमी : हळदीची कॅप्सूल आणि भाकरीतला कोंडा

पुण्यात औषधाच्या दुकानांत हळदीतल्या कर्क्युमिन या घटकाच्या कॅप्सूल सहज मिळतात आणि ‘हळदीनं कॅन्सर टळतो’ असं सांगणारं कुणी ना कुणी सोसायटीत भेटतंच. हळदीचा आपल्याला अभिमान आहे, त्याला कारणही आहे. जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेनं १९९५ मध्ये दिलं, ते सीएसआयआरनं (भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं) १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. तेव्हा महासंचालक होते रघुनाथ माशेलकर, त्याआधी इथल्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. पण तो लढा जखमेच्या उपचाराचा होता, कॅन्सरचा नव्हे.

कॅन्सर आणि दाह (शरीरातली सूज, इन्फ्लमेशन) यांचं नातं बरंच आधी लक्षात आलं. १८६३ मध्ये जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो यांना कॅन्सरच्या गाठींमध्ये रक्तातल्या पांढऱ्या पेशी दिसल्या. सततच्या दाहातून गाठ उद्भवत असावी, असं त्यांनी मांडलं. वर्षानुवर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दीर्घकाळ टिकणारा दाह) असलेल्यांना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो, हे पुढे दिसूनही आलं.

यात ताट आणलं ते डेनिस बर्किट यांनी. युगांडात शस्त्रक्रिया करणाऱ्या या आयरिश डॉक्टरांना हा कॅन्सर ग्रामीण आफ्रिकेत फारसा आढळेना. १९७१ मध्ये त्यांनी कारण सुचवलं : आहारातला चोथा, म्हणजे फायबर. मळ भरपूर होतो, लवकर पुढे सरकतो, अपायकारक द्रव्यं आतड्यात रेंगाळत नाहीत. माझ्या मते खरी मौज त्याच्या पुढची आहे. चोथा आपल्याला पचत नाही, पण आतड्यातले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट तयार होतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं ते मुख्य इंधन, शिवाय दाहाला आवर घालणारं. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मंडईतून आणलेली अंबाडी नि चाकवत या जिवाणूंच्याही पोटात जातात.

मार्ग सरळ मात्र नव्हता. २००० मध्ये अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांत चोथा वाढवूनही आतड्यातले पॉलिप (अस्तरावर वाढणारे छोटे कोंब, ज्यांतून पुढे कॅन्सर होऊ शकतो) पुन्हा होणं थांबलं नाही. २००३ मध्ये युरोपातल्या पाच लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीत भरपूर चोथा खाणाऱ्यांना धोका कमी दिसला.

कर्क्युमिनचीही अडचण आहेच. प्रयोगशाळेतल्या पेशींवर ते दाहाचे संदेश दाबतं, पण पोटातून रक्तात फारच कमी उतरतं. म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीतलं पायपरिन घालतात. हेच पायपरिन इतर औषधांचं शरीरातलं प्रमाणही बदलू शकतं. केमोथेरपी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी कॅप्सूल घेऊच नये.

मला सर्वांत बोलका वाटतो तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. वीस आफ्रिकन-अमेरिकन आणि वीस ग्रामीण दक्षिण आफ्रिकन लोकांनी दोन आठवडे जेवणाची अदलाबदल केली. चोथ्याचं जेवण मिळालेल्यांच्या आतड्यात ब्युटिरेट वाढलं, दाहाच्या खुणा उतरल्या; दुसरीकडे नेमकं उलट घडलं. कॅन्सर टळला का, हे इतक्या अवधीत कळणं शक्य नव्हतं. अस्तर किती लवकर बदलतं, ते मात्र कळलं.