पोलिश बाँबर पथकं: विमानं होती, माणसं संपत होती

सप्टेंबर १९३९मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत संघानं पोलंड वाटून घेतला, तेव्हा पोलिश हवाई दलातली हजारो माणसं रुमानिया-हंगेरीमार्गे निसटली. बहुतेकांनी फ्रान्स गाठला. जून १९४०मध्ये फ्रान्सही पडला आणि लढायला ब्रिटन तेवढं उरलं.

ब्रिटनच्या लढाईतल्या (१९४०चं जर्मनीविरुद्धचं हवाई युद्ध) पोलिश फायटर वैमानिकांचं कौतुक आजही होतं, आणि ते रास्तच आहे. पण तिथं उभं राहिलेलं पहिलं पोलिश पथक बाँबफेकी विमानांचं होतं: १ जुलै १९४० रोजी ब्रॅमकोटच्या विमानतळावर स्थापन झालेली ३०० स्क्वाड्रन. पाठोपाठ ३०१, ३०४ आणि ३०५ आल्या. सप्टेंबरच्या मध्यात पहिल्या दोघींची एकइंजिनी बॅटल विमानं फ्रान्समधल्या बुलोन बंदरातल्या जर्मन बार्जेसवर (सपाट बुडाच्या मालवाहू बोटींवर) हल्ल्याला गेली. पुढं वेलिंग्टन विमानं मिळाली आणि जर्मनीवरच्या रात्रीच्या मोहिमा सुरू झाल्या.

या पथकांचा पुढचा सगळा इतिहास मला एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो: गेलेल्यांच्या जागी कोण येणार? रॉयल एअर फोर्सला कॅनडा, ऑस्ट्रेलियातून नवे वैमानिक मिळत. पोलंड शत्रूच्या टाचेखाली. भरती करायला देशच हाती नव्हता. १९४२मध्ये ३०४ला पाणबुड्यांच्या शोधासाठी रॉयल एअर फोर्सच्या कोस्टल कमांडकडे, म्हणजे सागरी विभागाकडे, धाडलं. एप्रिल १९४३मध्ये ३०१ मोडावी लागली. ३०५ हलक्या बाँबर्सकडे वळली. बाँबर कमांडमध्ये, म्हणजे जड बाँबफेकी विमानांच्या विभागात, एकटी ३०० उरली. १९४४पासून ती इंग्लंडमधल्या फॉल्डिंगवर्थ तळावरून चार इंजिनांची लँकेस्टर विमानं उडवू लागली.

३०१चे लोक थांबले नाहीत. त्यांच्यातले अनेक १५८६ या खास तुकडीत गेले. ऑगस्ट १९४४मध्ये वॉर्सात जर्मनांविरुद्ध उठाव झाला, तेव्हा इटलीतल्या ब्रिंडिसीहून ही तुकडी हजाराहून अधिक किलोमीटर उडत जाऊन जळत्या राजधानीवर शस्त्रं टाकत होती. मदतीच्या विमानांना सोव्हिएत तळांवर उतरू द्यायला स्टालिननं कित्येक आठवडे नकार दिला. त्यामुळं जितकं अंतर जायचं, तितकंच परत यायचं.

फेब्रुवारी १९४५मध्ये याल्टाला दोस्त राष्ट्रांच्या नेत्यांच्या परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाला देण्याचं ठरलं. अनेक वैमानिकांची घरं त्याच भागात होती; परतायला घरच उरलं नाही. तरी ३०० स्क्वाड्रन एप्रिल १९४५पर्यंत, हिटलरच्या बेर्ख्तेसगाडेन इथल्या डोंगरी ठाण्यावरच्या हल्ल्यापर्यंत, उडत राहिली. ही निष्ठा दोस्त राष्ट्रांनी परत केली नाही, असंच म्हणावं लागतं.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीतल्या सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांचीही हीच कोंडी झाली. बहुतेक बायका-मुलं, तीही पूर्व पोलंडचीच. १९४७-४८मध्ये त्यांतल्या अनेकांनी, सैन्यातल्या आपल्या माणसांपाठोपाठ, ब्रिटन गाठलं.