कावीळ गावठी औषधानेच उतरते का?

‘कावीळीवर डॉक्टरांकडे औषध नाही, ती झाडपाल्यानेच उतरते,’ असे जळगाव, धुळे, नंदुरबारकडे आजही ठामपणे सांगितले जाते. या समजाचे मूळ आजाराच्या स्वभावातच आहे. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ‘ए’ आणि ‘ई’ची (विषाणूंमुळे यकृताला येणाऱ्या सुजेची) कावीळ बहुतेक रुग्णांत विश्रांती व योग्य आहाराने काही आठवड्यांत आपोआप बरी होते, आणि त्या काळात जे घेतले असेल त्याला श्रेय मिळते. कावीळ ‘उतरवताना’ रुग्णाचे हात चुन्याच्या पाण्यात धुतल्यावर उतरणारा पिवळा रंगही हाताला आधी चोळलेल्या सालीच्या रसाचा असतो. कावीळीत अंग पिवळे करणारे रक्तातले बिलिरुबिन हे द्रव्य असे धुऊन निघत नाही.

खरा धोका वेळ दवडण्याचा आहे. कावीळ हे केवळ लक्षण असून तिच्यामागे पित्तनलिकेतील खडा, हिपॅटायटिस ‘बी’ किंवा कर्करोगाची गाठही असू शकते. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तर हिपॅटायटिस ‘ई’ने 20 ते 25 टक्क्यांपर्यंत मृत्यू ओढवू शकतात, त्यामुळे अशा बाईला आधी गावठी औषध देणाऱ्याकडे नेणे मला अक्षम्य वाटते. आयुर्वेदिक उपचार घ्यायचे असले, तरी प्रथम रक्ततपासणी करून पदवीधर वैद्यांकडेच जावे आणि घेतलेला प्रत्येक काढा डॉक्टरांना सांगावा, कारण काही वनस्पती यकृतालाच इजा करतात.