शेकर आणि त्यांचा ‘करार’

शेकर म्हणजे अमेरिकेत वाढलेला एक ख्रिस्ती पंथ. शेकर म्हटलं की भिंतीवरच्या खुंट्यांना उलट्या टांगलेल्या खुर्च्या आठवतात. उलट्या अशासाठी, की बसायच्या बाजूवर धूळ साचू नये. ब्रह्मचर्य, सामाईक मालमत्ता, थरथरत-नाचत केलेली प्रार्थना हे बहुतेकांना ठाऊक असतं. १७७४ मध्ये इंग्लंडहून नऊ जण न्यूयॉर्कला उतरले आणि शे-पाऊणशे वर्षांत ते काही हजार झाले, एवढं इथे पुरे.

गोंधळ होतो तो ‘करार’ या शब्दापाशी. पंथात पुरता सामील होणारा ज्यावर सही करी, तो हा करार. १७९५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू लेबनन या शेकर गावी तो लेखी झाला. करार म्हटलं की आपल्याला स्टॅम्पपेपर आठवतो आणि ते निम्मं बरोबरच आहे. सही करणारा आपला जमीनजुमला समाजाला देऊन टाकी, आणि उद्या बाहेर पडलो तरी केल्या कामाची मजुरी मागणार नाही, असंही लिहून देई. त्यावरून कज्जे झाले. १८२६ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्याच्या न्यायालयाने करार वैध ठरवला. उरलेलं निम्मं मात्र दीक्षेसारखं, देवाशी केलेल्या करारासारखं होतं. सांभाळायला घेतलेल्या अनाथ मुलांनी सज्ञान झाल्यावर सही करायची की नाही ते आपलं आपण ठरवायचं, आणि बहुतेक निघून जात. पोटी मुलं नाहीत, म्हणजे समाज टिकणार तो सह्यांवरच.

म्हणून विसाव्या शतकातला निर्णय इतका झोंबतो. न्यू लेबनन १९४७ मध्ये बंद झालं, हॅनकॉक हे दुसरं शेकर गाव १९६० मध्ये. उरली दोन गावं: न्यू हॅम्पशायरमधलं कँटरबरी आणि मेनमधलं सॅबथडे लेक. पंथाची सूत्रं कँटरबरीच्या वृद्ध भगिनींकडे होती. त्यांनी नव्या सह्या घेणंच थांबवलं. नव्या पुरुषांना घडवायला जुने बंधू उरले नव्हते, शिवाय विकलेल्या गावांचा पैसा साठलेला. त्याच्या वासाने कोण येईल याचा नेम नव्हता. ही भीती मला समजते. पण देवाशी केलेल्या करारावर दुसऱ्या कुणाला सही करू न देण्याचा अधिकार त्यांना कुठून आला, हे काही समजत नाही. मेनवाल्यांनीही ते मानलं नाही. ते नवी माणसं घेत राहिले.

कँटरबरीतली शेवटची भगिनी १९९२ मध्ये वारली आणि ते गाव आता संग्रहालय आहे. सॅबथडे लेकला २०१७ मध्ये दोघंच उरली होती, तरी मेंढ्या, औषधी वनस्पती, रविवारची प्रार्थना सुरूच राहिली. प्रार्थनेला बाहेरचं कुणीही जाऊ शकतं. पुरुष एका दाराने आत जातात, बायका दुसऱ्या.